तरोट्याच्या बियांपासून प्लेट रीडरपर्यंत: रानवनस्पतीतल्या घटकांची कर्करोगविरोधी चाचणी कशी करायची

नागपुरात वनस्पतीशास्त्र, जीवरसायन किंवा औषधनिर्माणशास्त्र शिकणाऱ्या मुलांकडून एक प्रश्न हमखास येतो. अमुक रानवनस्पतीत कर्करोगावर काही आहे का ते तपासायचंय, सुरुवात कुठून करू? हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि ज्यांच्या कॉलेजात सगळी यंत्रं नाहीत त्यांच्यासाठी तर नक्कीच.

प्लास्टिकच्या प्लेटमध्ये पेशी मारणं सोपं असतं. मिठाचं तीव्र पाणी मारतं, साबण मारतो, स्पिरिट मारतं. खरी मेहनत पुढे आहे: नेमक्या कोणत्या घटकाने, किती कमी मात्रेत आणि निरोगी पेशींना कितपत वाचवून हे काम केलं, ते दाखवणं. म्हणून या लेखात मी अर्क काढण्यापेक्षा कंट्रोलबद्दल, म्हणजे तुलनेसाठी ठेवायच्या नमुन्यांबद्दल, जास्त लिहिणार आहे. निकाल टिकतो तो कंट्रोलवर.

वनस्पतींमधून औषधं आली आहेत यात वाद नाही. अंगणातल्या सदाफुलीतून व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन मिळाली. पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून टॅक्सॉल मिळालं. त्याची रचना १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि अमेरिकेत मान्यता मिळायला १९९२ साल उजाडलं. कॅम्प्टोथेसिन १९६६ मध्ये एका चिनी झाडात सापडलं. तेच द्रव्य सह्याद्रीतल्या नरक्यातही आहे, आणि त्यापायी नरक्याची बेसुमार तोड झाली. वनस्पती निवडताना ही शेवटची गोष्ट आधी आठवावी.

वनस्पती कोणती घ्यायची आणि कुठून

उदाहरणासाठी आपण तरोटा घेऊ. उर्वरित महाराष्ट्रात याला टाकळा म्हणतात. पहिल्या पावसानंतर विदर्भात धुऱ्यावर, पडीक जागेत, रस्त्याकडेला तो माजतो. कोवळ्या पाल्याची भाजी आपण खातो, दिवाळीच्या सुमारास शेंगा पिकतात. वनस्पती मुबलक आहे, तोडल्याने जंगलाचं नुकसान नाही, आणि बियांमध्ये अँथ्राक्विनोन गटातली द्रव्यं आहेत: क्रायसोफॅनॉल, इमोडिन, फिस्कियॉन. सरावासाठी याहून चांगली वनस्पती शोधायला नको.

ओळख मात्र पक्की करा. तरोट्याच्या पानाला पर्णिकांच्या (छोट्या उपपानांच्या) तीन जोड्या असतात, टोकाकडे रुंद आणि गोलसर. शेंग बारीक, लांब, विळ्यासारखी वाकलेली. शेजारीच उगवणारा कासविंदा वेगळा: त्याची पानं टोकदार, जोड्या जास्त, शेंग चपटी, आणि बी विषारी. त्याहून बारीक घोळ सेन्ना टोरा (आपला तरोटा) आणि तशीच दिसणारी सेन्ना ऑब्ट्युसिफोलिया यांत होतो. पानाच्या देठावर, पर्णिकांच्या जोड्यांमध्ये, छोट्या उभ्या ग्रंथी असतात. टोरामध्ये त्या बहुधा खालच्या दोन जोड्यांमध्ये दिसतात, ऑब्ट्युसिफोलियात फक्त सर्वांत खालच्या जोडीत. शिवाय टोराच्या फुलाचा देठ आखूड असतो. हातभिंग घेऊन जा आणि जागेवरच बघा. पान सुकलं की ग्रंथी दिसणं कठीण.

फूल आणि शेंग दोन्ही असलेली फांदी दाबून हर्बेरियम शीट तयार करा. पावसाळी हवेत वर्तमानपत्राचे कागद रोज बदला, नाहीतर बुरशी धरते. शीट नागपूर विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागाकडून किंवा पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षण केंद्राकडून ओळखून घ्या आणि मिळालेला क्रमांक वहीत लिहा. हा क्रमांक नसेल तर तुमचं पुढचं सगळं काम कोणत्या वनस्पतीवर झालं हे कुणालाच सांगता येणार नाही.

जागा निवडताना दोन गोष्टी टाळा. कोराडी-खापरखेड्याच्या राखेच्या पट्ट्यातला माल नको. राखेतले जड धातू अर्कात उतरले तर पेशी धातूने मरतील आणि श्रेय तरोट्याला जाईल. तणनाशक फवारलेल्या कपाशीच्या किंवा संत्र्याच्या बागेच्या धुऱ्यावरचाही नको. शेतकऱ्याला विचारा, तो सांगतो.

परवानगीचं नागपूरकरांना सोपं आहे, कारण महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ आणि वनविभागाचं मुख्यालय दोन्ही इथेच आहेत. पेंच, उमरेड-कऱ्हांडला, बोर अशा संरक्षित क्षेत्रातून वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय पानही उचलू नका. गावाच्या हद्दीतून घेताना गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीशी बोला. पेटंटचा विचार असेल किंवा परदेशी सहकारी असेल, तर जैवविविधता कायदा २००२ आणि त्यातली २०२३ ची दुरुस्ती आधी वाचा. चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे जावं लागतं.

वाळवण आणि अर्क

नागपूरचं ऊन कडक असतं म्हणून माल गच्चीवर पसरायचा मोह होतो. तो आवरा. सावलीत, वारा खेळता ठेवून वाळवा. ओव्हन वापरायचा तर ४० अंशांच्या वर नेऊ नका. बी कडक असतं, ते दळून चाळून घ्या आणि भुकटीचं वजन लिहा.

अर्क काढण्याआधी पाच मिनिटांची एक तपासणी करून बघा. चिमूटभर भुकटी सौम्य सल्फ्युरिक आम्लात उकळा, गाळा, थंड करा, क्लोरोफॉर्मबरोबर हलवा. क्लोरोफॉर्मचा थर खाली बसतो. तो वेगळा करून त्यात सौम्य अमोनिया घाला आणि हलक्या हाताने हलवा. अँथ्राक्विनोन असेल तर वरचा अमोनियाचा थर गुलाबी होतो, भरपूर असेल तर लालभडक. ही बॉर्नट्रेगर चाचणी. तुमच्या मालात मुळात काही आहे का, हे इथेच कळतं.

मग क्रमवार अर्क काढा. एक भाग भुकटीला दहा भाग द्रावक हे प्रमाण सुरुवातीला पुरतं. आधी हेक्झेन किंवा पेट्रोलियम ईथर, म्हणजे बियांतलं तेल निघून जाईल, मग इथाइल ॲसिटेट, मग मिथेनॉल, शेवटी पाणी. प्रत्येक द्रावकात अधूनमधून हलवत २४ ते ४८ तास भिजवा, गाळा, रोटरी इव्हॅपोरेटरवर ४० ते ४५ अंशांत आटवा. सॉक्सलेट झटपट काम करतं, पण उष्णता तासन् तास लागते, म्हणून नाजूक घटकांसाठी मी भिजवण्याचीच पद्धत सुचवते. आटवलेला अर्क निर्वातात ठेवून वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. उरलेलं द्रावकही पेशी मारतं. छोट्या कुप्यांत भरून, तारीख घालून उणे २० अंशांत ठेवा. काही अर्क कधीच न वापरता राखून ठेवा. परीक्षकाने शंका काढली तर तोच कामी येतो.

आता एक सावधगिरी, जी आपल्या भागात फार महत्त्वाची आहे. धावडा, ऐन, बेहडा, हिरडा ही आपली नेहमीची झाडं टॅनिनने भरलेली असतात. टॅनिन प्रथिनांना चिकटतं, त्यामुळे पेशी, सीरम, एन्झाइम सगळ्यावरच परिणाम दिसतो आणि अर्क जबरदस्त प्रभावी वाटतो. मीठ घातलेल्या १ टक्का जिलेटिनच्या द्रावणात अर्क टाका. पांढरा साका आला तर टॅनिन आहे. टॅनिन धरून ठेवणाऱ्या पॉलिअमाइड किंवा पीव्हीपीपीवरून अर्क पार करून मगच पेशींवर घाला. तसंच हिंगणबेटासारख्या सॅपोनिनयुक्त वनस्पतींचं. सॅपोनिन साबणासारखं पेशीचं आवरण फोडतं. फेसाची चाचणी आणि रक्तपेशी फुटतात का हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पेशी कुठून आणायच्या

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडून सेल लाइन (प्रयोगशाळेत सतत वाढत राहणाऱ्या पेशी) मागवा. शेजारच्या प्रयोगशाळेतून मैत्रीखात्यात फ्लास्क आणू नका. केबी, हेप-२, चँग लिव्हर या नावाने फिरणाऱ्या पेशी प्रत्यक्षात हेलाच (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची जुनी लाइन) असल्याचं कधीच सिद्ध झालंय. स्तनाच्या म्हणून वापरली गेलेली एमडीए-एमबी-४३५ ही त्वचेच्या मेलानोमाची निघाली. यकृताच्या कर्करोगासाठी सर्रास वापरली जाणारी हेपजी२ मुळात लहान मुलांत होणाऱ्या हेपॅटोब्लास्टोमाची आहे. म्हणून पावती, पॅसेज क्रमांक (पेशी किती वेळा नव्या भांड्यात हलवल्या तो आकडा) आणि शक्य असेल तर एसटीआर अहवाल (पेशींची डीएनएवरून ओळख) फाइलला लावा.

मायकोप्लाझ्माची पीसीआर चाचणी नियमित करा. हा जंतू साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, मीडिया (पेशी वाढवायचं द्रावण) गढूळही होत नाही, आणि रीडिंग मात्र बिघडत राहतं. मे महिन्यात पेशी मागवू नका. वाटेतली उष्णता त्यांना झेपत नाही. हेलासारख्या पेशींत मानवी पॅपिलोमा विषाणूचे जनुक आहेत, तेव्हा जैवसुरक्षा पातळी २ चे नियम पाळा.

कॅन्सर पेशींसाठी दोन-तीन वेगवेगळ्या ऊतींच्या लाइन घ्या, उदाहरणार्थ एमसीएफ-७ (स्तन), ए५४९ (फुप्फुस), एचसीटी-११६ (मोठं आतडं). जोडीला निरोगी पेशी हव्यातच. इथे पुष्कळ जण एचईके-२९३ वापरतात आणि तिला 'नॉर्मल' लिहितात. ती ॲडेनोव्हायरसच्या डीएनएने अमर केलेली लाइन आहे. त्यापेक्षा मानवी फायब्रोब्लास्ट किंवा रक्तातल्या लिम्फोसाइट बऱ्या. रक्त घ्यायचं तर संस्थेच्या नैतिक समितीची मान्यता आधी.

कॉलेजात कल्चर रूम नसेल तर थांबायची गरज नाही. खारघरच्या ॲक्ट्रेक संस्थेत कर्करोगविरोधी औषधांच्या प्राथमिक चाचणीची सोय आहे, तिथे नमुना पाठवता येतो. तुम्ही अर्क आणि रसायनशास्त्राची बाजू नीट सांभाळा.

प्लेट लावणं

आधी गणित. सर्वांत जास्त मात्रा १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर ठेवायची आणि डीएमएसओ (अर्क ज्यात विरघळवतो ते द्रावक) ०.५ टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही, तर मूळ द्रावण २० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर लागतं. पुढच्या मात्रा मीडियात नव्हे, डीएमएसओतच पातळ करा: २०, ६.३, २, ०.६३, ०.२. प्रत्येकाचा एक भाग ९९ भाग मीडियात मिसळा. वेलमध्ये, म्हणजे प्लेटवरच्या खळग्यात, आधीच १०० मायक्रोलिटर पेशी आहेत, त्यात हे १०० मायक्रोलिटर घातलं की शेवटची मात्रा १००, ३१.६, १०, ३.१६, १ होते आणि डीएमएसओ सगळीकडे सारखाच ०.५ टक्के राहतो. थेट मीडियात पातळ करत गेलात तर प्रत्येक वेलमध्ये डीएमएसओ वेगळा होतो आणि तुलना संपते.

मात्रा घातल्यावर प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली धरा. सुईसारखे किंवा चिखलासारखे कण दिसले तर अर्क मीडियात विरघळलेला नाही. त्या मात्रेचं रीडिंग धरायचं नाही.

ट्रिपॅन ब्लू आणि न्यूबॉर चेंबरने पेशी मोजा, वेलमागे ५,००० ते १०,००० सोडा, चिकटायला २४ तास द्या. शहाण्णव वेलच्या प्लेटचे कडेचे ३६ वेल प्रयोगासाठी वापरू नका. त्यांतलं पाणी उडतं, आणि आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात तर हटकून उडतं. त्यांत बफर भरा, आतले ६० वापरा. इन्क्युबेटरमधलं पाण्याचं भांडं रोज बघा. अर्क घालून ४८ किंवा ७२ तास ठेवा आणि एकदा ठरवलेला वेळ मध्येच बदलू नका.

प्लेटवर हे सगळं असलंच पाहिजे: फक्त मीडिया, पेशी आणि मीडिया, पेशी आणि ०.५ टक्के डीएमएसओ. पेशी आणि माहीत असलेलं औषध. पेशी आणि अर्क. आणि प्रत्येक मात्रेसाठी पेशींविना अर्क. माहीत असलेलं औषध म्हणून सिस्प्लॅटिन घेणार असाल तर ते डीएमएसओत विरघळवू नका, कारण डीएमएसओ प्लॅटिनमला चिकटून त्याचा प्रभाव घालवतो. सलाइनमध्ये विरघळवा. डॉक्सोरुबिसिन घेतलंत तर ही अडचण येत नाही.

एमटीटी कुठे फसवतं

एमटीटी ही रंगावरून जिवंत पेशी मोजण्याची १९८३ पासूनची पद्धत. पिवळं एमटीटी जिवंत पेशीत जांभळ्या फॉर्मेझानमध्ये बदलतं. वेलमध्ये ०.५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर इतकं एमटीटी घालून तीन-चार तास ठेवा. मीडिया अलगद काढा, १०० मायक्रोलिटर डीएमएसओत स्फटिक विरघळवा, ५७० नॅनोमीटरवर वाचा. स्फटिक विरघळताना वेलच्या तळाशी जांभळ्या काड्यांचं जाळं दिसतं. ते पूर्ण मोडल्याशिवाय प्लेट रीडरमध्ये (रंगाची तीव्रता मोजणाऱ्या यंत्रात) घालू नका. मीडिया काढताना टोक तळाला लागलं तर स्फटिकच ओढले जातात आणि त्या वेलमध्ये पेशी मेल्यासारखं वाटतं.

खरी फसगत पुढे आहे. वनस्पतीतले पॉलिफिनॉल एमटीटीला पेशीविनाही जांभळं करतात. मग मेलेल्या पेशीही जिवंत मोजल्या जातात. तरोट्याच्या अर्काला स्वतःचा नारिंगी-पिवळा रंग आहे, तो वेगळाच. शिवाय क्विनोन गटातली द्रव्यं पेशीत ऑक्सिडेशन-रिडक्शनचं चक्र चालवतात, त्याचा एमटीटीशी थेट संबंध येतो. म्हणूनच वर पेशींविना अर्काचे वेल सांगितले. ते जांभळे झाले तर एमटीटी घालण्याआधी अर्काचा मीडिया काढून पेशी बफरने धुवा. त्यानेही भागलं नाही तर पद्धतच बदला.

बदलायची झाली तर सल्फोरोडामाइन बी, म्हणजे एसआरबी, हा माझ्या मते रंगीत अर्कांसाठी चांगला मार्ग आहे. यात पेशींची चयापचय क्रिया न मोजता पेशींमधलं प्रथिन मोजतात. थंड ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लाने (शेवटचं प्रमाण १० टक्के) पेशी तळाला पक्क्या करा, ४ अंशांत तासभर ठेवा, पाण्याने धुवा, १ टक्का ॲसेटिक आम्लातल्या ०.४ टक्के एसआरबीने रंगवा, त्याच आम्लाने जास्तीचा रंग धुवा, वाळवा, १० मिलिमोलर ट्रिस बेसमध्ये विरघळवून ५१० ते ५४० च्या दरम्यान वाचा. पक्क्या केलेल्या प्लेट वाळवून ठेवता येतात. वीज गेली तरी काम वाया जात नाही. एक प्लेट अर्क घालण्याच्या क्षणीच पक्की करून ठेवा. तिच्याशी ताडून पाहिलं की पेशींची वाढ थांबली की पेशी खरोखर मेल्या, हे वेगळं सांगता येतं. एमटीटीवर प्रभावी दिसणारा अर्क एसआरबीवर टिकला नाही तर एसआरबीवर विश्वास ठेवा.

आकडे वाचताना

जिवंत पेशींची टक्केवारी काढताना अर्काच्या वेलमधून त्याच मात्रेचा पेशीविना वेल वजा करा, डीएमएसओच्या वेलमधून मीडियाचा वेल वजा करा, मग भागाकार करून १०० ने गुणा. मात्रा आणि टक्केवारीचा वक्र चार घटकांच्या लॉजिस्टिक समीकरणाने बसवा; आर ही संगणक प्रणाली फुकट मिळते आणि पुरेशी आहे. १०० मायक्रोग्रॅमलाही निम्म्या पेशी मेल्या नसतील तर आयसी५०, म्हणजे निम्मा परिणाम करणारी मात्रा, 'शंभरापेक्षा जास्त' एवढंच लिहा. रेष पुढे ओढून २३७ वगैरे काढू नका.

एकाच दिवशी तीन वेल म्हणजे तीन प्रयोग होत नाहीत. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पॅसेजच्या पेशींवर तीनदा करा, मगच सरासरी आणि विचलन.

कच्च्या अर्काचा आयसी५० साधारण २० ते ३० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आत असेल तर पुढे जाण्यात अर्थ आहे. शुद्ध द्रव्यासाठी ४ च्या आत हा निकष अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या नावाने वापरला जातो. निरोगी पेशींचा आयसी५० भागिले कॅन्सर पेशींचा आयसी५० म्हणजे निवडकतेचा निर्देशांक. तो ३ च्या वर असेल तर उत्साही व्हायला हरकत नाही. दीडच्या आसपास असेल तर तुमच्या हाती एक सर्वसाधारण विष आहे, आणि प्रबंधात तसंच लिहावं.

कोणत्या घटकाने केलं, ते शोधणं

प्रभावी अर्क सिलिका जेलच्या कॉलमवर घालून हेक्झेनपासून इथाइल ॲसिटेट आणि मिथेनॉलकडे जा. निघणारे भाग टीएलसीवर (घटक ठिपक्यांत वेगळे करणाऱ्या पातळ थराच्या पट्टीवर) तपासून सारखे भाग एकत्र करा. तरोट्यात अँथ्राक्विनोनचे ठिपके साध्या डोळ्यांनाही पिवळे-नारिंगी दिसतात. अल्कोहोलमधलं पोटॅश फवारलं की गुलाबी-लाल होतात. शेजारी विकत आणलेल्या इमोडिनचा ठिपका लावा. प्रत्येक भाग पुन्हा पेशींवर तपासा, सर्वांत प्रभावी भाग पुन्हा वेगळा करा.

इथे हमखास एक निराशा येते: कच्चा अर्क जोरदार, आणि सगळे भाग मऊ. घाबरू नका. सगळे भाग मूळ प्रमाणात परत एकत्र करून तपासा. ताकद परत आली तर दोन-तीन घटक मिळून काम करत होते. नाही आली तर घटक सिलिकावर अडकला किंवा मोडला.

शुद्ध द्रव्य हाती येण्याआधीच एलसी-एमएस (घटक वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणारी चाचणी) करून घ्या. ऋण आयन पद्धतीत २६९ वर शिखर आलं तर इमोडिनचा संशय घ्या, २५३ वर क्रायसोफॅनॉलचा. इमोडिनवर जगभर भरपूर काम झालेलं आहे. तेच पुन्हा शोधण्यात वर्ष घालवू नका. त्याऐवजी हा प्रश्न विचारा: अर्कात जेवढं इमोडिन आहे, तेवढं शुद्ध इमोडिन घातलं तर अर्काइतकाच परिणाम होतो का? होत नसेल, तर अर्कात आणखी काहीतरी आहे, आणि तुमचं संशोधन तिथे सुरू होतं. शुद्ध द्रव्याचे आकडे मायक्रोमोलरमध्ये द्या: इमोडिनचा रेणुभार २७० आहे, म्हणजे १० मायक्रोमोलर हे २.७ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. एनएमआरसाठी (रेणूची रचना ठरवण्यासाठी) मुंबईच्या आयआयटीतली किंवा लखनौच्या सीडीआरआयमधली सामायिक उपकरण सुविधा वापरता येते.

पेशी कशा मेल्या हे बघायला अ‍ॅनेक्सिन-पीआय (पेशींना लावायचे दोन चमकणारे रंग) आणि कॅस्पेस (पेशी मरताना जागं होणारं एन्झाइम) चाचणी करा. डॉक्सोरुबिसिन स्वतः लाल चमकतं आणि पीआयच्या मार्गात मिसळतं, अँथ्राक्विनोनही थोडंफार चमकतात. रंग न घातलेला पण अर्क दिलेला नमुना फ्लोसायटोमीटरवर (एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या यंत्रावर) आधी चालवा. संगणकावरचं डॉकिंग (द्रव्य प्रथिनात कसं बसेल याचा हिशोब) सोपं असतं म्हणून प्रबंधात जागा भरायला घालतात. प्रत्यक्ष एन्झाइमवर तपासलं नसेल तर ते अंदाज म्हणूनच मांडा. प्राण्यांवरचं काम प्राणी नैतिकता समितीच्या मान्यतेनेच, आणि एमएस्सीच्या पातळीवर त्याची गरजही नसते.

पुढच्या हंगामात दुसऱ्या ठिकाणचं, म्हणजे समजा काटोलऐवजी रामटेककडचं, बी घेऊन मुख्य प्रयोग पुन्हा करा. माती आणि पाऊस बदलला की घटकांचं प्रमाण बदलतं.

निकाल बाहेर जाताना

निकाल चांगला आला की बातमी छापायची घाई होते आणि मग रुग्णांचे नातेवाईक विचारत येतात. कर्करोग बरा करण्याची जाहिरात करायला १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने बंदी आहे, हे विभागातल्या सगळ्यांना माहीत असू द्या. पत्रकाराला 'प्रयोगशाळेतल्या पेशींवर' हे शब्द मथळ्यात घालायला सांगा. नातेवाइकांना स्पष्ट सांगा, की प्लेटमधली मात्रा माणसाच्या रक्तात पोहोचते का हेच अजून कुणी पाहिलेलं नाही. अँथ्राक्विनोनने जुलाब होतात; केमोथेरपीने आधीच अशक्त झालेल्या माणसाला ते धोक्याचं आहे. घरी कसलाही काढा सुरू असेल तर तो लपवू नका, उपचार करणाऱ्या डॉक्टरांना त्याचं नाव आणि प्रमाण सांगा, असं त्यांना सांगा. आणि शक्य असेल तर एका कागदावर वनस्पतीचं शास्त्रीय नाव लिहून द्या, म्हणजे डॉक्टरांना ते तपासता येईल.